बगळ्याची सायकल: खरवडू की राहू देऊ?

डिचोली_एक्सप्रेस

मंडळी, आमच्या वाड्यावरच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पाव विकायला स्कूटर घेतली आणि त्याची जुनी सायकल माझ्या अंगणात आली. पैसे त्याने नावालाच घेतले. २८ इंची चाकं, सळ्यांचे ब्रेक, आडवी दांडी, पूर्ण चेनकव्हर, आणि मागे पावाची पाटी बसवायला कुणीतरी वेल्डिंग मारून ठोकलेलं अवजड कॅरिअर. चालते. कुरकुरत का होईना, चालते.

अडचण रंगाची आहे. दाराच्या चौकटींना देतात तो हिरवा ऑइल पेंट कुणीतरी अख्ख्या सायकलीवर ब्रशने थापलाय. नटांवर, घंटीवर, स्पोकच्या टोकांवरसुद्धा. आता त्याचे पोपडे निघतायत. खाली कुठे गंज, कुठे काळा रंग.

माझ्या डोक्यात असं आहे की सगळी खोलून, पत्र्यापर्यंत घासून घ्यायची आणि कावी नक्षीत रंगवायची. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तशी, पांढऱ्यावर हुरमुंजी लाल. घरीच करायचंय, गॅरेजला द्यायचं नाही. गंज कशाने काढू? स्प्रे कॅन वापरू की ब्रश? ऑक्टोबर लागलाय, पण संध्याकाळी अजून गडगडून एखादी सर येतेच. थांबू की सुरू करू?

फोंड्याचा_पाना

रंगाचं नंतर बघू. आधी एक सांगा, चेनकव्हर उघडून आतल्या मोठ्या दात्याच्या चक्रावर काय नक्षी आहे ते बघितलंत का? जुन्या इंग्रजी सायकलींची जात तिथे कळते.

सुंगटां_हुमण

पोदेराची सायकल तुमच्याकडे आली, पण पोंऽऽ पोंऽऽ करणारा हॉर्न आला का? नसेल तर व्यवहार तोट्यात गेला.

डिचोली_एक्सप्रेस

हॉर्न त्याने स्कूटरला लावला.

पाना भाऊ, कव्हर काढलं. ग्रीसचा काळा चिखल पुसल्यावर चक्रात कापलेली पक्ष्यांची डोकी दिसली. लांब चोच, मागे तुरा. बगळ्यासारखी.

जुने_ते_सोने

हात थांबवा! पॉलिश पेपर खाली ठेवा!

बगळ्याची डोकी म्हणजे रॅले. बगळा हे त्यांचं चिन्ह. रज आणि हंबर या दुसऱ्या इंग्रजी सायकली: रजच्या चक्रात हाताचा पंजा असतो, हंबर तिच्या दुहेरी नळ्यांच्या चिमट्यावरून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्यावरून, ओळखू येते. आता पुढच्या नळीवरचा, म्हणजे हँडलच्या खालचा, पत्र्याचा बिल्ला वाचा. ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ असेल तर ती विलायतची. सेन-रॅले असेल तर आपल्याकडच्या आसनसोलच्या कारखान्यातली. दोन्ही चांगल्याच, पण पहिली असेल आणि तुम्ही ती पत्र्यापर्यंत घासून त्यावर देवळाची भिंत काढणार असाल, तर मी पुण्याहून येऊन अंगणात उपोषणाला बसेन.

काळा मूळ रंग हा भट्टीत भाजलेला एनॅमल असतो. तो एकदा घासला की गेला. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही डब्यातून तो परत येत नाही.

फोंड्याचा_पाना

सोने साहेब, गाडी चालवणारा तो, अंगण त्याचं. जरा दमाने घ्या.

पण बिल्ल्याबद्दल सहमत. डिचोलीकर, बिल्ल्यावर पेपर, वायर ब्रश, थिनर काहीही लावू नका. त्याचे रिव्हेट काढू नका. केस वाळवायचा ड्रायर लावून हिरवा मऊ करा आणि जुन्या एटीएम कार्डाने हलकेच उचला.

आणि चक्र बगळ्याचं निघालं म्हणून अख्खी सायकल रॅले असं धरून चालू नका. पोदेराच्या सायकली म्हणजे चालते-बोलते भंगार बाजार असतात. चिमटा एकीचा, चाकं दुसरीची, मडगार्ड तिसरीचं.

लॅबकोट

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गंजाचं माझ्याकडे लागलं.

पहिली गोष्ट, कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता भरपूर. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तुमचा हिरवा थर नक्कीच त्याआधीचा दिसतो. खालच्या काळ्याचं तर बोलायलाच नको. वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा, तो चिखल गोळा करून बांधून टाका. घरात लहान मूल असेल तर हे काम अंगणातल्या मातीवर करायचं नाही. माती तिथेच राहते, मूल तिथेच खेळतं.

दुसरी, गंज. छोटे सुटे भाग, म्हणजे नट, वायसर, ब्रेकच्या सळ्या, स्टँडची स्प्रिंग, हे लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका. लिटरला साधारण ५० ग्रॅम पुरे. काही तासांनी बघायचं, रात्रभर विसरायचं नाही, कारण गंज संपला की आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळतं. काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा आणि लगेच पुसून उन्हात किंवा ड्रायरखाली धरा. आपल्या हवेत ओलं उघडं लोखंड चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस पडतं. सुकलं की तेलाचा हात.

क्रोमवाल्या भागांना, म्हणजे हँडल आणि रिमला, आम्लात घालू नका. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून पाण्याने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि वरवरचा गंज निघून जातो. जिथे क्रोमच उडालंय तिथे मात्र चमक येणार नाही, खड्डे स्वच्छ दिसतील इतकंच.

संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवेल. नको. त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेले पानेसुद्धा गंजतात.

सुंगटां_हुमण

सर, आमच्या घरी तांब्याची भांडी चिंचेने आणि सोलांच्या पाण्याने लखलखतात. सायकलीला चालेल का? उरलेल्याची सोलकढी.

लॅबकोट

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, कोकमातही आम्लं असतात, गंजावर थोडं काम होईल. पण साखर आणि गर चिकटून बसतो, मुंग्या लागतात. सोलकढी वेगळी करा.

दोडामार्गी

एवढा व्याप कशाला? फ्रेम सुटी करा आणि पावडर कोटिंगला द्या. कुंडई, वेर्णा, थिवी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. वाळूच्या फवाऱ्याने साफ करून, पावडर मारून, भट्टीतून काढून देतात. ब्रशने केलेल्या कुठल्याही कामापेक्षा टिकाऊ. मी माझ्या गिअरवाल्या सायकलीची केली, समुद्राकाठी फिरवतो, काही झालेलं नाही.

फोंड्याचा_पाना

टिकाऊ आहे, वाद नाही. भट्टी १८०-२०० अंशांच्या आसपास असते, पितळेने जोडलेल्या सांध्यांना त्याने काही होत नाही. पण तीन गोष्टी. फ्रेमवर कुठे पुट्टी भरलेली असेल तर ती त्या उष्णतेत फुगते. पावडरचा थर जाड, त्यामुळे आटे आणि वाट्यांच्या बैठका झाकून दिल्या नाहीत तर नंतर पाना घेऊन रडायची पाळी. आणि वाळूच्या फवाऱ्याला मूळ रंग, सोनेरी रेघ, बिल्ला काही कळत नाही. सगळं उडतं. शिवाय त्यांना घरी करायचंय म्हणालेत.

डिचोली_एक्सप्रेस

बिल्ला निघाला. ड्रायर आणि कार्ड. वर बगळ्याचं डोकं, खाली ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’.

आणि अजून एक. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर हिरव्याचा हातभर पोपडा एका तुकड्यात सुटून आला. खाली काळाभोर, काचेसारखा रंग आणि त्यात केसाएवढी सोनेरी रेघ. सरळ, न थरथरता गेलेली. मी मघापासून तीच बघत बसलोय.

कावीचं काय करू आता?

जुने_ते_सोने

(मी बॅग भरणं थांबवलंय.)

रंगपंचमी

मी म्हापशाची, चित्रकला शिकवते. सोने साहेबांचं सगळं पटतं असं नाही. पोदेराने त्या सायकलीवर पाटी बांधली, कॅरिअर ठोकलं, हिरवा फासला, तेव्हा कुणी उपोषणाला बसलं नव्हतं. वापरातली वस्तू बदलत जाते. पण डिचोलीकर दादा, कावीला सपाट आणि रुंद जागा लागते. भिंतीवर ती शोभते कारण भिंत मोठी. इंच-सव्वा इंचाच्या गोल नळीवर कमळ काढलंत तर वळसा घालून पाठीमागे जाईल, समोरून लाल डाग दिसेल. फ्रेमवर ती मुळातच बसणार नाही.

सायकलीवर सपाट जागा कुठे असते? चेनकव्हरवर. पसरट, बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. चेनकव्हर मूळ आहे का?

फोंड्याचा_पाना

ताईंनी नेमकं विचारलं. डिचोलीकर, कव्हराला फ्रेमशी धरणारी क्लिप आणि स्क्रू नीट बघा. मूळ असेल तर जागच्या जागी बसलेलं असेल. बाजारातलं लावलेलं असेल तर कुठेतरी भोक वाढवलेलं, पट्टी वाकवलेली, तार बांधलेली सापडेल. आणि पोपडा उचलून बघा, खाली तसाच काळा आहे का.

डिचोली_एक्सप्रेस

तार आहे! पुढच्या बाजूला तार पिळून बांधलीय आणि भोक कानशीने लांबट केलंय. पोपड्याखाली काळा नाही, पत्र्यावर थेट निळा, त्यावर हिरवा. मागचं मडगार्डही तसंच, बाहेरचं वाटतं.

म्हणजे फ्रेम, चिमटा, पुढचं मडगार्ड राखायचं, आणि चेनकव्हरवर कावी. बायको म्हणते, हे तुला पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं. तिने सांगितलं नव्हतं, पण असो.

जुने_ते_सोने

मान्य. चेनकव्हरवर काय हवं ते काढा. मागच्या मडगार्डला मात्र काळाच द्या, ही विनंती समजा.

हिरवा काढताना घाई नको. भाजलेला रंग टणक असतो, वरचा ब्रशचा मऊ. शिवाय तेलकट काळ्यावर न घासता फासलेला ऑइल पेंट नीट धरत नाही, म्हणून तर पोपडे सुटतायत. ही तुमच्या फायद्याची गोष्ट. ऊब, प्लास्टिकची पट्टी आणि धीर. पेंट रिमूव्हर आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर लांब ठेवा. सोनेरी रेघ वरून चिकटवलेली किंवा हाताने ओढलेली असते, थिनरचा बोळा फिरला की क्षणात पुसली जाते. काहीही वापरायचं तर आधी पेडलच्या खालच्या नळकांड्याच्या पोटाला लावून बघा. तिथे कुणी बघत नाही.

जिथे हिरवा सुटत नाही, तिथे राहू द्या. हिरव्याचे चार ठिपके राहिले तर सायकलीच्या आयुष्यात तेही झालंच होतं. (ताई, बघा, मीही बदलतो.)

फोंड्याचा_पाना

आता खोलायचं. रंगाइतकंच हे महत्त्वाचं, आणि इथे लोक वस्तू मोडतात.

डावं पेडल उलट्या आट्यांचं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उजवं नेहमीसारखं. पेडलच्या नळकांड्यातली उजवीकडची वाटी पण उलट्या आट्यांची. ती धड असेल तर काढूच नका, जागेवरच पुसून ग्रीस भरा. आणि ही सगळ्यात कामाची गोष्ट: नॉटिंगहॅमच्या रॅलेचे तिथले आटे इंचाला २६. बाकी बहुतेक इंग्रजी घडणीच्या सायकलींचे २४. दुकानातली नवी वाटी दिसायला तीच, दोन फेरे जाते, मग अडते, आणि माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो. आटे गेले की फ्रेम गेली. जुन्या वाट्या फेकू नका.

क्रँकचा कॉटर, म्हणजे पेडलचा दांडा अक्षाला धरणारी खिळी: नट पूर्ण काढू नका, दांड्याच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा, म्हणजे घाव नटावर बसेल आणि आटे फुटणार नाहीत. क्रँकच्या खाली, कॉटरला मोकळी जागा सोडून, जाड लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा. हा टेकू नसेल तर घावाचा सगळा मार आतल्या छऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो. मग हातोडीचा एकच ठाम घाव. टुकटुक करत बसलात तर कॉटर वाकतो आणि मग ड्रिलच लागतं. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

छरे: पुढच्या हबमध्ये दर बाजूला १० लहान, मागच्यात दर बाजूला ९ मोठे, पेडलच्या नळकांड्यात दर बाजूला ११ मोठे. मोठे म्हणजे पाव इंची. जुने छरे ठेवू नका, नवे स्वस्त मिळतात. कोनवर, म्हणजे छरे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर, मात्र नखाने चाचपून बघा, खड्डा लागला तर तोही बदला.

पुन्हा जोडण्याआधी फ्रेम सरळ आहे का बघा. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. सारखं असलं पाहिजे. पाटीच्या ओझ्याने मागचा भाग एका अंगाला गेलेला असू शकतो. रंग देऊन झाल्यावर हे कळलं तर काय उपयोग?

फ्रेमचा नंबर जिथे ठोकलाय तिथे पुट्टी भरू नका आणि जाड थर देऊ नका. चोरी झाली तर पोलिसांत सांगायला तेवढंच असतं.

वाचनमात्र

मध्येच विचारतो. माझ्याकडे मामाची तीन गिअरची आहे, मागच्या हबवर ‘एडब्ल्यू’ आणि आकडे आहेत. ते काय?

जुने_ते_सोने

स्टर्मे-आर्चरचा हब. आकडे म्हणजे वर्ष आणि महिना. ‘५८ ७’ असेल तर जुलै १९५८. हब त्या महिन्यातला, सायकल थोडी नंतरची असू शकते. वेगळा धागा काढा, इथे डिचोलीकरांची सायकल चाललीय.

लॅबकोट

हवेबद्दल प्रश्न राहिला.

स्प्रे कॅनमधला किंवा एनसी रंगातला थिनर भराभर उडतो आणि उडताना पत्रा गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार पत्र्यावर दव धरतं आणि रंगात पांढरट धुकं अडकतं. लोक रंगाला शिव्या देतात. दोष हवेचा असतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना फवारूच नका. गोव्यात पहाटे आणि रात्री तर जवळजवळ नेहमीच तेवढी असते. सकाळी ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंतचा वेळ धरा, पण पत्रा उन्हात तापवून त्यावर फवारू नका, सावलीत धरा. खरं विचाराल तर पाऊस पुरता ओसरून नोव्हेंबर लागू द्या. तोवर घासणं, खोलणं, छरे-ग्रीस हेच काम पुरून उरेल.

अजून एक. हार्डनर मिसळायचे दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटने दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि कापडी मास्क त्याला अजिबात अडवत नाही. झिंक क्रोमेटचा पिवळा प्रायमरही घरात नको, त्यात कर्करोगकारक क्रोमियम असतं. साधा रेड ऑक्साइड पुरे.

डिचोली_एक्सप्रेस

देव बरें करूं, सर. म्हणजे आता खोलाखोल आणि खरवडणं, रंग तुळशीच्या लग्नाच्या आसपास. रंगपंचमी ताई, चेनकव्हरचं नीट सांगाल का? स्प्रे, ब्रश, काय आणि कुठल्या क्रमाने?

रंगपंचमी

सांगते, जरा लांब होईल.

भिंतीवरची खरी कावी ही रंगवलेली नसते, खरवडलेली असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर हुरमुंजीचा लाल थर देतात आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने नक्षी कोरून खालचा पांढरा उघडा करतात. गोल चक्रं, पाकळ्या हे सगळं कर्काटकाने आखलेलं असतं, म्हणून ते इतकं नेमकं दिसतं. पत्र्यावरही हीच रीत धरा. पांढऱ्यावर लाल ब्रशने रंगवलंत तर कडा जाड येतात, ती कावी वाटत नाही. नर्सरीतला फलक वाटतो.

क्रम असा. कव्हर सगळं पत्र्यापर्यंत घासा, इथे राखण्यासारखं काही नाही. ८०, मग १२०, मग २२० नंबर. थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका, बोटाच्या तेलावर रंग धरत नाही. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पातळ हात. खड्ड्यांत पुट्टी अगदी थोडी, सुकली की ३२० ने पाण्यात घासून पुन्हा प्रायमर.

मग पांढरा. इथे एक नियम पक्का: सगळे थर एकाच घराण्याचे. प्रायमर सिंथेटिक, पांढरा सिंथेटिक एनॅमल, लालही सिंथेटिक एनॅमल. सिंथेटिकवर एनसीचा किंवा त्याच्या थिनरचा फवारा बसला की खालचा थर सुरकुततो, आणि मग सगळं पहिल्यापासून. कॅन घेताना मागचा कागद वाचा, आत काय आहे ते लिहिलेलं असतं. कव्हरासारख्या सपाट भागाला मी मऊ ब्रशनेच पांढरा देईन, टर्पेंटाइनने जरा पातळ करून दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू देऊन ६०० च्या वॉटर पेपरने हलकं घासून. कॅनने करायचं तर वीतभर अंतरावरून, कव्हराच्या बाहेरून सुरू करून बाहेर संपवा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. एका जागी थांबलात की ओघळ.

पांढरा वाळला असं वाटलं तरी आठवडाभर हात लावू नका. वरून सुकतो, आत मऊ राहतो, विशेषतः आपल्याकडे. नखाने दाबून खूण उमटली नाही की पुढे.

लाल: रेड ऑक्साइड प्रायमर स्वतःच त्या रंगाच्या जवळ आहे, पण तो मातकट आणि बिनचमकीचा. तपकिरी आणि लाल एनॅमल मिसळून छटा जमवा, आधी डब्याच्या झाकणावर लावून वाळवून बघा, ओल्यात आणि वाळल्यावर फरक पडतो. एकच पातळ हात द्या. बोटाला चिकटेनासा झाला पण अजून मऊ आहे, त्या वेळात कोरायचं. किती वेळ ते हवेवर, त्यामुळे त्याच पत्र्याच्या तुकड्यावर आधी अंदाज घ्या. कोरायला लोखंडी टोक नको, पांढरा फोडून पत्र्यापर्यंत जाल आणि तिथूनच गंज सुरू होईल. बांबूची काडी तासून घ्या, केरसुणीतल्या हिराची पण चालते. कर्काटकाच्या लोखंडी पायाला मध्यभागी टेकायला सेलोटेपचे दोन-तीन थर चिकटवा, नाहीतर तिथे भोक पडतं.

नक्षीत गर्दी करू नका. क्रँकच्या अक्षाभोवती एक मोठं चक्र येऊ द्या, तिथे गोल आहेच, आणि मागे निमुळत्या भागात वेल. हंस, मोर वगैरे मोह टाळा. मला तर बगळाच आवडेल, पण ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोडामार्गी

वरून क्लिअर कोट?

रंगपंचमी

मी देणार नाही. एनॅमलला स्वतःची चमक असते. द्यायचाच तर सिंथेटिक वार्निश, तेही महिन्याभराने. पण ते पिवळं पडतं आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं.

जुने_ते_सोने

मागच्या मडगार्डच्या काळ्यावर सोनेरी रेघ ओढणार असाल तर लांब केसांचा लायनर ब्रश लागेल. बस-ट्रकवर नावं रंगवणारे वापरतात. रंग अगदी थोडा पातळ, ब्रश पूर्ण भरलेला, करंगळी कडेला टेकवून एका दमात मागे ओढायचा. जिथे थांबाल तिथे गाठ. मास्किंग टेपने रेघ सरळ येते पण तिची कड उचललेली दिसते. मूळ रेघेशेजारी ती लगेच ओळखू येईल.

फोंड्याचा_पाना

नळ्यांच्या आतलं कुणी बोललं नाही. गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त खातो. सीटच्या भोकातून पाणी आत जातं आणि पेडलच्या नळकांड्यात साचतं. सगळं सुटं आहे तोवर फ्रेम उलटी-सुलटी करत आत जवसाचं तेल फिरवा, जादा निथळू द्या. ते आत वाळून पापुद्रा धरतं.

सुंगटां_हुमण

खोबरेल चालेल? घरचं आहे.

फोंड्याचा_पाना

खोबरेल वाळत नाही. मुंग्या आणि झुरळं खूश होतील, लोखंड नाही.

लॅबकोट

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका! वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. गंमत नाही ही.

डिचोली_एक्सप्रेस

बरीच मजल मारली. फ्रेमचा हिरवा बहुतेक निघाला. सोनेरी रेघ डावीकडे जवळजवळ पूर्ण, उजवीकडे चेनने खाल्लीय. दोरा लावला, मागचा भाग उजवीकडे थोडा गेलाय. कॉटर एका घावात निघाला, दुसरा नाही निघाला, त्याला ड्रिल लागलं. वाट्या जुन्याच ठेवल्या. काळ्यावर कारचं मेण लावलं, तर माझा चेहरा दिसला त्यात.

प्रश्न मागच्या कॅरिअरचा. ते वेल्डिंग करून मागच्या नळ्यांना चिकटवलंय. कापायचं का?

जुने_ते_सोने

कापा. नळ्यांवर वेल्ड म्हणजे अत्याचार.

रंगपंचमी

राहू द्या. पावाची पाटी तिथेच होती. त्याच्यामुळेच ती आज डिचोलीत आहे, नाहीतर कधीच भंगारात गेली असती.

फोंड्याचा_पाना

भावना बाजूला ठेवा, नळी बघा. ग्राइंडरने वेल्ड कापताना पातळ नळीत खाच गेली तर ती जागा पुढे तुटते. मागचा भाग एका अंगाला आहे म्हणताय, तो आधी सरळ करून घ्या, आणि ते कॅरिअर असतानाच होतो का ते बघा. होत असेल तर कापू नका. नसेल होत, तर कापून, वेल्ड कानशीने सावकाश उतरवा, ग्राइंडर नळीला टेकवू नका.

डिचोली_एक्सप्रेस

कॅरिअर असतानाच सरळ झाली. साळावर एक म्हातारे मेस्त्री आहेत, त्यांनी मागच्या दोन नळ्यांमध्ये लाकडी पहार घालून हळूहळू वाकवली, दोरा दर वेळी लावून. म्हणजे कॅरिअर राहणार. त्याला काळाच देतो, सोने साहेबांचं मन राखायला.

वाचनमात्र

टायर मिळाले का? २८ इंची शोधत फिरायची वेळ येते म्हणतात.

फोंड्याचा_पाना

२८ x दीड अजून मिळतो, आपल्या साध्या काळ्या सायकलींना तोच लागतो. मागताना नुसतं २८ म्हणू नका, नव्या सायकलींचे २८ वेगळे, ते या रिमवर बसत नाहीत. आणि ब्रेकचे रबर सळीवाल्या ब्रेकचेच मागा. हे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, तारांकडच्या अंगाला वर ओढले जातात, बाजूच्या पकडीचे रबर तिथे उपयोगाचे नाहीत. पावसात ओल्या क्रोमवर ते उशिरा लागतात, तेव्हा उतारावर सांभाळून.

डिचोली_एक्सप्रेस

टायर म्हापशाला मिळाले. रबरही. पांढऱ्याचा दुसरा हात वाळतोय, तिसरा सोमवारी. झाकणावर लालच्या छटा लावून ठेवल्यात, ताई, फोटो टाकतो, कुठली घेऊ ते सांगा. मला डावीकडून दुसरी बरी वाटते.

रंगपंचमी

दुसरी फार विटकरी आहे. चौथी घ्या, आणि त्यात तपकिरीचे अजून दोन थेंब.